धूसर छायाचित्र, चुकीची फवारणी

बेंगळुरूच्या इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्यावरची दुकाने आणि उपाहारगृहे मागे टाकून आतल्या 'क्रॉस' आणि 'मेन' गल्ल्यांत शिरले, की घरांच्या कुंपणांवरून जास्वंद, पपई, कढीपत्ता आणि शेवगा डोकावू लागतात. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर पुष्कळदा कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. पाहणाऱ्याला ती बुरशी वाटते; प्रत्यक्षात ते गुलाबी पिठ्या ढेकूण, म्हणजे मॅकोनेलिकोकस हिरसुटस, असतात. हीच कीड नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागांत सालीखाली लपते आणि घडांत शिरून माल खराब करते. शहरातला हौशी बागकाम करणारा आणि गावातला द्राक्ष बागायतदार या दोघांची पहिली कृतीही आता सारखीच झाली आहे. खिशातून मोबाइल काढायचा, एक फोटो घ्यायचा, ओळखीच्या गटावर टाकायचा आणि खाली लिहायचे, "काय फवारू?"

उत्तर पाच मिनिटांत येते. ते बरोबर असतेच असे नाही.

या पांढऱ्या पुंजक्यांत कधी कधी आणखी एक पांढरा, मेणचट तंतूंनी झाकलेला जीव फिरत असतो. तो पिठ्या ढेकणासारखाच दिसतो, पण तो पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी असतो. हा भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, दक्षिण भारतात स्थिरावला आणि आज द्राक्ष बागायतदार तो प्रयोगशाळांतून पैसे मोजून विकत घेतात व बागेत सोडतात. पिठ्या ढेकणाची पूर्ण वाढलेली मादी सुमारे ३ मिलिमीटरची असते, तर पूर्ण वाढलेली क्रिप्टोलीमसची अळी १३ मिलिमीटरपर्यंत जाते. प्रत्यक्ष पाहताना हा फरक लपत नाही. दोन फुटांवरून घेतलेल्या, हललेल्या आणि मोजपट्टी नसलेल्या फोटोत मात्र दोन्ही केवळ पांढरे ठिपके होतात. मग "कीड वाढली आहे, लगेच फवारा" असा सल्ला जातो आणि शेतकरी विकत आणलेला मित्रकीटक विकत आणलेल्याच औषधाने मारून टाकतो.

कृषी विस्ताराच्या कामात छायाचित्रणाकडे आजवर हौस म्हणून पाहिले गेले. प्रशिक्षणात सापळे कसे लावावेत, आर्थिक नुकसानीची पातळी कशी काढावी, पंपाचे नोझल कोणते निवडावे हे शिकवले जाते. फोटो कसा घ्यावा हे कोणी शिकवत नाही. ही उणीव आता महाग पडू लागली आहे.

छायाचित्र हा नमुनाच आहे

महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर किडींचा उद्रेक झाल्यानंतर क्रॉपसॅप हा सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्याचा पाया शेतात जाऊन केलेली मोजणी हा होता आणि आहे. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. तिच्यात शेतकऱ्याने किंवा कार्यकर्त्याने मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कीड ओळखली जाते. म्हणजे ज्या कामासाठी पूर्वी अळी डबीत घालून तालुक्याला न्यावी लागे, ते काम आता फोटोकडे आले आहे. डबीतली अळी चिरडलेली असेल तर तज्ज्ञ ती परत पाठवत असे. धूसर फोटोला तोच न्याय लावण्याची सवय अजून कोणाला नाही.

यंत्र सगळे सांभाळून घेईल, या भ्रमातही राहू नये. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात 'प्लांटव्हिलेज' संग्रहातील ५४,३०६ पानांची छायाचित्रे वापरून १४ पिकांवरील २६ रोग ओळखण्यास संगणकाला शिकवले गेले. त्याच संग्रहातून बाजूला ठेवलेल्या फोटोंवर त्याची अचूकता ९९.३५ टक्के आली. वेगळ्या परिस्थितीत काढलेले, इतर ठिकाणांहून गोळा केलेले फोटो दिल्यावर ती सुमारे ३१ टक्क्यांवर घसरली. एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवलेले तोडलेले पान आणि शेतातल्या गर्दीतले, सावलीतले, धुळीने माखलेले पान यांतला हा फरक आहे. यंत्राला आणि तज्ज्ञाला, दोघांनाही पुरेल असा फोटो शेतातच मिळवावा लागतो.

२०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोगा परिसरात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. तिची ओळख दोन खुणांवर ठरते. डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटे ठेवल्यासारखी फिकट खूण आणि शेपटीकडून दुसऱ्या, म्हणजे उदराच्या आठव्या, वलयावर चौरसात मांडल्यासारखे चार ठळक काळे ठिपके. अळीचा कुशीवरून घेतलेला कितीही देखणा फोटो यापैकी एकही खूण नीट दाखवत नाही. पाठीवरून घेतलेला, डोके आणि शेपटी दोन्ही स्पष्ट असलेला साधा फोटो निदानाला पुरतो. कोणता फोटो चांगला, हे सौंदर्यावरून नव्हे तर त्यात कोणती खूण दिसते यावरून ठरवायचे असते.

तीन आकडे

कॅमेरा कोणताही असो, फोटोचा उजेड तीन गोष्टींवर ठरतो: शटरचा वेग, भिंगाचे छिद्र आणि आयएसओ. कीटकांच्या बाबतीत या तिघांचे अग्रक्रम माणसांच्या किंवा निसर्गदृश्यांच्या फोटोपेक्षा वेगळे असतात.

शटरचा वेग सर्वांत आधी. शेतात वारा असतो, पान हलते, हात थरथरतो, आणि कीटक जितका मोठा करून दाखवायचा तितकी ही थरथरही मोठी होते. १/२५० सेकंद ही किमान मर्यादा मानावी. वाऱ्यात १/५०० पर्यंत जावे. पान कपडे वाळत घालायच्या चिमट्याने काठीला अडकवले तर निम्मे काम होते. सकाळी लवकर वारा कमी असतो आणि थंडाव्यामुळे कीटकही सुस्त असतात.

नंतर छिद्र. एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान आणि स्पष्ट दिसणारा थर तितका जाड. पण अगदी जवळून हा थर किती पातळ होतो याची कल्पना बहुतेकांना नसते. फुल फ्रेम कॅमेऱ्यात कीटक प्रत्यक्षाएवढ्याच आकारात टिपला, तर एफ/८ ला सुमारे १ मिलिमीटर जाडीचाच थर स्पष्ट येतो. एफ/१६ ला तो सुमारे २ मिलिमीटर होतो. छिद्र आणखी लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. म्हणून एफ/८ ते एफ/१६ या दरम्यान राहावे आणि उरलेले काम कोनाने करावे. अळीची पाठ किंवा पानाचा पृष्ठभाग कॅमेऱ्याला समांतर ठेवला की त्या पातळ थरातही सगळी अळी बसते. तिरका कॅमेरा धरला की डोके स्पष्ट आणि शेपटी धूसर, किंवा उलटे.

शेवटी आयएसओ. दिवसाउजेडी १०० ते ४०० पुरतो; दाट झाडोऱ्यात किंवा पानाखाली ८०० ते १६०० वर जाण्यास कचरू नये. आयएसओ वाढवल्याने फोटोत दाणे येतात हे खरे. दाणेदार फोटोतील ठिपके मोजता येतात. हललेल्या फोटोतील येत नाहीत.

बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र बदलता येत नाही, मात्र 'प्रो' पद्धतीत शटर आणि आयएसओ हाती घेता येतात. मोबाइलचा संवेदक लहान असल्याने स्पष्टतेचा थर आपोआप जाड मिळतो, हा त्याचा मोठा फायदा आहे. पडद्यावर कीटकावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड तेथेच बांधला जातो. मग बोटाने उजेड किंचित कमी करावा, म्हणजे पांढरे पुंजके पांढऱ्या डागांत विरघळत नाहीत. चेहरा उजळवणाऱ्या आणि चित्र 'सुधारणाऱ्या' सोयी बंद ठेवाव्यात. त्या पोत गुळगुळीत करतात किंवा नसलेल्या कडा रेखतात; निदानासाठी दोन्ही घातक.

प्रश्नाप्रमाणे भिंग

चांगला फोटो म्हणजे महागडे भिंग, हा समज व्यापाऱ्यांच्या सोयीचा आहे. भिंग प्रश्नाप्रमाणे निवडायचे असते.

भाताच्या खाचरात तपकिरी तुडतुड्यांमुळे गोलाकार करपलेले पट्टे पडले आहेत का, हा प्रश्न असेल तर मोबाइलचे साधे किंवा रुंद कोनाचे भिंग सर्वोत्तम. बांधावर उभे राहून घेतलेला फोटो पट्ट्यांचा आकार आणि विस्तार सांगतो. कपाशीच्या झाडावर डोमकळ्या आहेत का, पाने कडेने वळली आहेत का, यासाठी डोळ्याला दिसते तसे दाखवणारे ५० मिलिमीटरच्या आसपासचे भिंग पुरते. फुलपाखरे, चतुर किंवा चटकन उडणाऱ्या कीटकांसाठी दूरचे भिंग बरे, कारण जवळ गेले की विषयच निघून जातो.

फुलकिडे, कोळी, मावा, अंडी यांसाठी मात्र मॅक्रो भिंग लागते, म्हणजे जे वस्तू संवेदकावर प्रत्यक्षाएवढी उमटवू शकते. आकड्यांत सांगायचे तर सुमारे २४ मिलिमीटर रुंदीच्या आणि ६,००० बिंदूंच्या संवेदकावर १ मिलिमीटरचा फुलकिडा मॅक्रो भिंगाने २५० बिंदू व्यापतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या नेहमीच्या भिंगाने जेमतेम ७५. पंख, शृंगिका, रंगाचे पट्टे या ७५ बिंदूंत शोधणे व्यर्थ आहे. मॅक्रो घ्यायचेच तर १०० मिलिमीटरच्या आसपासचे घ्यावे. ५०-६० मिलिमीटरच्या भिंगाला कीटकाच्या इतके जवळ जावे लागते की सावली पडते आणि कीटक बिचकतो.

ज्यांच्याकडे तेवढे पैसे नाहीत त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. ५० मिलिमीटरच्या भिंगामागे २५ मिलिमीटरची पोकळ नळी बसवली की कीटक प्रत्यक्षाच्या निम्म्या आकारात टिपता येतो. तेच भिंग जोडकडीने उलटे बसवले तर त्याहूनही मोठा. मोबाइलवर चिमट्याने लागणारे छोटे मॅक्रो भिंग एखाद्या फवारणीच्या खर्चात येते. तेही नसेल तर बियाणे आणि कीड पाहण्यासाठी बाळगलेले १० पट भिंग मोबाइलसमोर धरावे. एक गोष्ट मात्र करू नये: बोटांनी पडदा ताणून चित्र मोठे करू नये. त्याने तपशील वाढत नाही, आहे तेवढाच तुकडा कापून मोठा होतो.

उजेड आणि रंग

वांग्याची पाने खरवडून जाळी करणारा एपिलॅक्ना भुंगेरा आणि मावा खाणारा ढालकिडा हे दोघेही लाल-नारिंगी, गोलसर आणि ठिपकेदार. ओळखण्याची सोपी खूण अशी की एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे तो मंद दिसतो. ढालकिडा तुकतुकीत असतो. समोरून फ्लॅश मारला की दोघेही चमकतात आणि शत्रू-मित्रांतला हा फरक प्रकाशात बुडून जातो. उजेड बाजूने आणि मऊ हवा. उन्हात छत्रीची सावली करावी, फ्लॅश वापरायचाच तर त्यापुढे बटर पेपरचा तुकडा धरावा.

रंगाचेही तसेच. हिरव्या शेडनेटखाली काढलेल्या फोटोत सगळे पीक हिरवट दिसते आणि पानांचा पिवळेपणा झाकला जातो. संध्याकाळच्या तांबूस उन्हात बोंडातली कोणतीही फिकट अळी गुलाबी वाटते. आणि गुलाबी बोंडअळी लहानपणी पांढुरकी असते, हे लक्षात घेतले तर रंगावर विसंबणे किती धोक्याचे ते कळते. उपाय सोपा आहे. चौकटीच्या कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. कागद पांढरा दिसत नसेल तर रंगावरून निष्कर्ष काढू नये. त्याच कागदाशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी. नाणे ठेवण्याची प्रथा सोडावी. एक रुपयाची वेगवेगळ्या आकारांची नाणी चलनात आहेत.

फोटो कोठे संपतो

छायाचित्राची बाजू मांडताना त्याची मर्यादा सांगणे हेही कर्तव्य आहे. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील मिरचीची फुले ज्या काळ्या फुलकिड्यांनी उद्ध्वस्त केली, ती थ्रिप्स पार्व्हिस्पायनस ही प्रजाती भारतात त्याआधी बेंगळुरूत पपईवर आढळल्याची नोंद २०१५ मध्येच झाली होती. फुलकिड्यांची प्रजाती काचपट्टीवर नमुना तयार करून सूक्ष्मदर्शकाखालीच निश्चित होते. जगातले कोणतेही मॅक्रो भिंग ते काम करणार नाही. अशा वेळी फोटोचे काम एवढेच, की काहीतरी वेगळे दिसत आहे हा इशारा वेळेवर द्यावा. पुढचे काम ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचे आणि हेब्बाळच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या संस्थांतील किंवा कृषी विद्यापीठांतील वर्गीकरणतज्ज्ञांचे.

येथे उत्तर देणाऱ्यांची जबाबदारी येते. फोटो पाठवणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण धूसर फोटोवर औषधाचे नाव लिहिणारा तज्ज्ञ किंवा विक्रेता अधिक दोषी आहे. "या फोटोवरून ओळख पटत नाही" हे वाक्य लिहिण्यात कमीपणा नाही. डॉक्टर अस्पष्ट एक्स-रे परत पाठवतो, तेव्हा रुग्णाचा त्याच्यावरचा विश्वास वाढतोच.

काय व्हायला हवे

कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विभाग यांनी निदानासाठी येणाऱ्या छायाचित्रांचा एकच साधा नियम ठरवावा. प्रत्येक प्रश्नासोबत चार फोटो असावेत: पहिला संपूर्ण शेताचा किंवा झाडाचा, दुसरा बाधित भागाचा, तिसरा कीटकाचा पाठीवरून, पट्टी आणि पांढऱ्या कागदासह, आणि चौथा कुशीवरून किंवा पानाच्या मागच्या बाजूने. जोडीला दहा सेकंदांची चित्रफीत असली तर उत्तम; क्रिप्टोलीमसची अळी पिठ्या ढेकणांत जी धावपळ करते, ती स्थिर चित्रात दिसत नाही. पीक, वाण, गाव आणि तारीख या चार गोष्टी लिहाव्यात. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. तसे केल्याने तो दाबला जात नाही आणि त्यात नोंदलेली वेळ व ठिकाण शाबूत राहते.

दुसरे, विस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस या विषयाला द्यावा आणि प्रत्येकाच्या पिशवीत चिमट्याचे मॅक्रो भिंग, पट्टी आणि अल्कोहोलची कुपी असावी. तिसरे, खात्रीने ओळख पटलेले फोटो जिल्हावार, पीकवार साठवावेत. कृत्रिम बुद्धिमत्तेला आपल्या मातीतले, आपल्या सावल्यांतले फोटो मिळाले तरच ती आपल्या शेतात उपयोगी पडेल.

शेतकऱ्याला हे सगळे जड जाईल, असा आक्षेप घेतला जातो. जो शेतकरी ठिबकचा दाब जुळवतो, द्राक्षाच्या छाटणीचा दिवस मोजून ठरवतो, दहा लिटर पाण्यात किती मिलिलिटर औषध टाकायचे याचा हिशेब ठेवतो, त्याला १/२५० आणि एफ/८ हे आकडे जड जाणार नाहीत. ते त्याला कोणी सांगितलेले नाहीत, एवढेच.

इंदिरानगरच्या जास्वंदीवर चुकीची फवारणी झाली तर एका कुंपणाची फुले जातात. द्राक्षबागेत तीच चूक झाली तर हंगामाचा खर्च, पुढच्या बहाराचे मित्रकीटक आणि निर्यातीच्या मालातील औषधांच्या अंशाची हमी, अशा तिन्ही गोष्टी पणाला लागतात. फवारणीपूर्वी पंपाचे नोझल तपासून पाहण्याची शिस्त शेतकऱ्यांनी कष्टाने अंगी बाणवली आहे. "काय फवारू?" असे विचारण्यापूर्वी पाठवायचा फोटो एकदा मोठा करून पाहण्याची शिस्त त्याच पिशवीत बसेल.